दोन काहिलींची पाणबुडी

चिखलीपासून समुद्र ऐंशी मैल लांब, आणि मध्ये सह्याद्री आडवा पडलेला. त्यामुळे पाणबुड्या बांधायची कंपनी चिखलीत काढताना दौलतरावांना जागेची अडचण अजिबात आली नाही. त्या धंद्यासाठी तिथे दुसरं कोणी जागा मागतच नव्हतं.

साल सत्तावन्न. पिंपरीला औषधांचा सरकारी कारखाना उभा राहिला होता, आणि आजूबाजूच्या गावांत ज्याला त्याला वाटू लागलं होतं की आपणही काहीतरी काढलं पाहिजे. कोणी पिठाची गिरणी काढली, कोणी सायकलचं दुकान काढलं. दौलतरावांनी वीस वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजांना रिव्हेट ठोकले होते. ते गावी परतले, पत्र्याची शेड घातली आणि काहिली करू लागले. उसाचा रस आटवायच्या त्या मोठ्या पसरट लोखंडी कढया. हाताखाली एक मिस्त्री, मालोजी. मालोजी चिखलीचाच, तिशीतला, हाताने कसबी आणि बोलण्यात कमालीचा सावकाश.

काहिली बऱ्या चालल्या होत्या. पण एके दिवशी दौलतरावांनी वर्तमानपत्रात वाचलं की देशाच्या आरमाराकडे अजून एकही पाणबुडी नाही. बाकीच्या देशाने ही बातमी वाचून पान उलटलं असेल. दौलतरावांनी मालोजीला हाक मारली.

"मालोजी, गिऱ्हाईक उभं आहे आणि दुकानच नाही. असं कधी बघितलंस?"

"न्हाई बघितलं. पर मालक, आपल्याला येती का ती करायला?"

"अरे, काहील म्हणजे काय? रस बाहेर जाऊ न देणारं भांडं. पाणबुडी म्हणजे काय? पाणी आत येऊ न देणारं भांडं. भोक दोन्हीकडून भोकच असतं."

यात चूक काढायला मालोजीला आठ-दहा दिवस तरी लागले असते. तोवर दौलतरावांनी गोदीला पत्र धाडलं होतं आणि त्याचं उत्तरही आलं होतं. 'आपले पत्र पोचले. विषय विचाराधीन आहे.' छापील कार्ड होतं ते. दौलतरावांनी ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं आणि बाहेर पाटी रंगवली : 'दौलत जहाज व पाणबुडी कारखाना, चिखली. काहिलीही मिळतील.'

शिवाय त्यांनी एक जाड वही आणली आणि तिच्यावर लिहिलं, 'कंपनीचा इतिहास'. मोठ्या कंपन्यांना इतिहास असतो आणि तो मागाहून लिहायला बसलं की तारखा आठवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते आधीच लिहीत. पहिल्या पानावर स्थापना झाली. दुसऱ्या पानावर पहिली पाणबुडी पाण्यात उतरली. शेवटची ओळ होती, 'मालक स्वतः आत बसून गेले व सुखरूप वर आले.' लोखंड तेव्हा अजून भोसरीहून यायचं होतं.

लोखंड आलं. दोन मोठ्या काहिली झाल्या, एकीवर दुसरी तोंडाला तोंड लावून उपडी घातली, आणि कडेने रिव्हेट ठोकायला सुरुवात झाली. वरच्या काहिलीला माणूस उतरेल एवढं गोल तोंड ठेवलं, त्यावर आठ नटांचं झाकण आणि झाकणात जाड काच. दुरून बघणाऱ्याला वाटावं, कोणा राक्षसाने डबा झाकून ठेवला आहे.

आता रिव्हेटचं काम असं की तो भट्टीत लालभडक करायचा, चिमट्याने भोकात घालायचा आणि लाल असतानाच ठोकायचा. गार होताना तो आखडतो आणि दोन पत्रे आवळून धरतो. गार ठोकला तर नुसताच बसून राहतो, सरकारी पाहुण्यासारखा. हे मालोजीला झोपेतही ठाऊक होतं.

तरी एका शनिवारी त्याच्या हातून ते झालं. दौलतराव कंपनीचं नाव कागदांवर छापून घ्यायला पुण्याला गेले होते. दुपार कलली होती, भट्टी विझत आली होती, आणि पोटाच्या बाजूचे शेवटचे नऊ रिव्हेट उरले होते. चाकणचा बाजार उठायच्या आत मालोजीला तिकडे पोचायचं होतं. त्याने ते नऊ तसेच, कोमट, ठोकले. सोमवारी परत तापवून ठोकू, म्हणाला, आणि गेला.

सोमवारी तो आला तर दौलतरावांनी सबंध पाणबुडीला रंग देऊन टाकलेला. गोदीत लोखंडाला गंज धरू नये म्हणून पहिला हात देतात तो, शेंदरी. गोल, पोट सुटलेली, शेंदरी वस्तू शेडसमोर उभी, आणि तिच्यापुढे नारळाची दोन शकलं नि उदबत्ती. रविवारी रानातून परतणाऱ्या बाया हात जोडून गेल्या होत्या. मंगळवारपर्यंत पाच नारळ झाले. मालोजीने संधी बघून घण उचलला, तर मागून कोणीतरी म्हातारा कळवळून ओरडला, "आरं, देवाला हाणतोस व्हय?"

त्यानंतर घण उचलायची सोयच राहिली नाही.

त्याने दौलतरावांना सांगायचा प्रयत्न केला. "मालक, ते खालचे नऊ रिव्हेट हायेत ना—"

"नऊ? शुभ आकडा," दौलतराव वहीतून मान वर न काढता म्हणाले. "उद्या सकाळी गेनबाच्या विहिरीत उतरवायची. गोदीतले उद्धवराव चिंचवडला लेकीकडे आलेत, त्यांना बोलावलंय. भांडार खातं त्यांच्याच हातात आहे. मी आत बसणार."

मालोजीचं उरलेलं वाक्य राहिलं ते राहिलंच. मालकांना पोहायला येत नव्हतं. गोदीत वीस वर्षं काढूनही येत नव्हतं. ते म्हणत, जहाज नीट बांधलं तर पोहायची वेळच येत नाही.

संध्याकाळी चुलीपाशी त्याने बायकोला सगळं सांगितलं. भागूबाई भाकरी थापत होती.

"मंग सांगा की मालकास्नी."

"सांगितलं तर म्हणतील, बाजारला कशापाई गेला हुतास."

"कशापाई गेला हुता?"

"बैल बघाया."

"घ्यायचा हुता?"

"न्हाई."

"मंग?"

"चांगला हुता," मालोजी म्हणाला.

भागूबाईने भाकरी तव्यावर टाकली आणि त्याच्याकडे एकदा बघितलं. जेवणं झाल्यावर ती जात्यावर बसली आणि उडीद दळू लागली. मालोजीला वाईट वाटलं. इथे मालक बुडायची पाळी आली आहे आणि हिला वड्यांचं सुचतंय.

सकाळी अवघं गाव गेनबाच्या विहिरीवर. कार्तिकाचे दिवस, विहीर काठोकाठ, पाणी पाच परस, तीस फूट खोल. गेनबा सत्तरीचा, पन्नास वर्षं मोट हाकलेला. त्याचे बैलही मोटेचेच. विहिरीपासून लांब, धावेच्या उतारावरून खाली गेले की मोट वर येते, टोकाला पोचले की ती काठावरच्या थारोळ्यात रिकामी होईस्तोवर थांबतात, आणि मग आपोआप मागे मागे सरकत वर येतात. मोट पुन्हा खाली. कोणी सांगावं लागत नाही. दौलतरावांनी पाणबुडीत दगड टाकून तिचं वजन पाण्यात असं जुळवलं होतं की मोटेच्या दोराला, नाड्याला, ती भरल्या मोटेइतकीच लागावी. बैलांना परकं वाटू नये, हा हेतू. हेतू फार चांगला होता.

उद्धवराव छत्री, घड्याळ आणि डायरी घेऊन आले. गोल चेहरा, बारीक आवाज. त्यांनी पाणबुडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "याचं पुढचं टोक कुठलं?"

"जिकडे जाईल तिकडचं," दौलतराव म्हणाले.

उद्धवरावांनी ते लिहून घेतलं.

बायकांत मात्र वाद पेटला होता. शेंदूर आहे म्हणजे म्हसोबा, असं काहींचं मत. दौलतरावांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, निकाल दिला. "एवढं पोट म्हसोबाला कुठलं आलंय? बाई आहे ती. पहिल्यांदा पाण्याला चाललीये, ओटी भरा." वाद मिटला. पण ओटी भरायची कुठे? पोटात. उतरणार कोण? भागूबाई ताट घेऊन पुढे झाली आणि तोंडातून आत उतरली.

ती बराच वेळ आत राहिली.

"काय गं, काय करतीस एवढं?" कौशल्याबाईंनी वाकून विचारलं.

"पाचजणींची एकटीच भरतीया," आतून आवाज घुमला.

वर आली तेव्हा तिचे हात पांढरे झाले होते. ओटीत हळद असते, कुंकू असतं. पांढरं काय असतं, हा प्रश्न मालोजीला पडायला हवा होता. पण तो पाण्याकडे बघत होता. पाणी हिरवं होतं आणि त्याला काहीच घाई नव्हती.

मग मोटेच्या जागी नाड्याला बांधून पाणबुडी काठाशी पाण्यात सोडली आणि दौलतरावांनी खुणा समजावल्या. "आतून ठोके ऐकू येत राहिले तर सगळं ठीक. ठोके थांबले की ओढायचं. बुडणारा माणूस ठोकत बसत नाही." त्यांनी टोपी काढून कौशल्याबाईंच्या हाती दिली आणि धोतर खोचलं.

"मालक," मालोजी म्हणाला, "मी बसतो."

"तू? अरे, पण इतिहासात मी बसलोय."

"खोडा."

"शाईनं लिहिलंय, मालोजी."

"मंग तुमी काठावर ऱ्हावा. बैल तुमचं ऐकतील, माझं न्हाई ऐकायचे." हे मालोजीच्या आयुष्यातलं सगळ्यात झपाट्याने सुचलेलं वाक्य. ते खोटं होतं; बैल गेनबाचंही ऐकत नसत. पण दौलतराव क्षणभर घुटमळले, आणि तेवढ्यात मालोजी आत होता.

झाकण बसलं. आठ नट आवळल्याचा आवाज एकेक करून डोक्यावरून गेला. मालोजी दगडांवर मांडी घालून बसला. पुढ्यात ओटी, तांदूळ, खण, सुपारी, नारळ. काचेतून निळं आभाळ दिसत होतं. मग ते हिरवं झालं, मग काळं.

त्याने बॅटरी लावली आणि, नको नको म्हणत, तिचा झोत खाली त्या नऊ रिव्हेटांवर टाकला.

तिथे रिव्हेट नव्हतेच. तिथे नऊ पांढरे पेढे होते. प्रत्येकावर तीन बोटांचा ठसा. मालोजीने वास घेतला. उडदाचं पीठ आणि चुना. घरी पाण्याचा रांजण झिरपायला लागला की भागूबाई हेच मळून थापायची, आणि मग तो रांजण दोन-दोन वर्षं थेंब सोडायचा नाही. त्याने बोट फिरवलं. कोरडं. दुसऱ्यावर फिरवलं. कोरडं. नवव्यावर जरा ओल लागली. तो त्याच्याच बोटाचा घाम होता.

मालोजीच्या छातीवरून एक बैलगाडी उतरली. इतकं हलकं वाटलं की त्याला भीती वाटली, आपल्यामुळे पाणबुडी तरंगते की काय. आता ठोकायला हवं होतं. पण हातोड्याने पत्रा हादरला तर पेढे निघायचे, म्हणून तो ओटीतल्या नारळाने ठोकू लागला. टप. टप. टप.

वर उजाडलं. काचेत दौलतरावांचा चेहरा आला, हातात पाना, चेहऱ्यावर हसू. त्यांनी पहिल्या नटाला पाना लावला. तिकडे धावेच्या टोकाला बैल उभे होते. मोट रिकामी व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा ते थांबले, आणि मागे सरकू लागले.

दौलतरावांचा चेहरा वर गेला, किंवा मालोजी खाली. काच पुन्हा हिरवी.

"अरे, धरा बैल!" दौलतराव ओरडले. गेनबा डोळे मिटून गाणं म्हणत होता. पन्नास वर्षं मोटेवर तो डोळे मिटूनच होता. तेवढ्यात उद्धवराव कौतुकाने म्हणाले, "दुसऱ्यांदा लगेच? वा! आमच्याकडे एक टाकी तपासायला आठवडा घेतात," आणि त्यांनी डायरीत दोनचा आकडा घातला. खालून ठोके नेमाने ऐकू येत होते. दौलतरावांनी पाना हळूच खिशात घातला.

"पाणबुडी म्हणजे खाली-वर होणारच," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा वर आल्यावर मालोजीने जोरजोराने ठोकलं. आत त्याचा अर्थ होता, उघडा. बाहेर त्याचा अर्थ होता, उत्तम चाललंय. चौथ्यांदा त्याने दोन्ही हातांनी नारळ धरून झाकणावर मारला.

"जोरात आहे गडी," उद्धवराव म्हणाले.

"माझ्याच हाताखाली तयार झालाय," दौलतराव म्हणाले.

पाचव्यांदा मालोजीने गेनबाच्या बैलांना त्यांच्या आईवरून शिव्या घातल्या. बाहेर त्या नुसत्या घुमल्या. कौशल्याबाईंना वाटलं, स्तोत्र म्हणतोय, आणि त्यांनी हात जोडले. भागूबाई मात्र काठावर उकिडवी बसून होती आणि पाण्यावर बुडबुडे येतात का ते बघत होती. येत नव्हते. सहाव्या फेरीला तिने पदराला हात पुसले आणि जरा ऐसपैस बसली.

सातव्यांदा पाणबुडी तळाशी पोचली आणि नारळ फुटला.

मालोजीच्या मांडीवर गार पाणी सांडलं. आलं पाणी! त्याने मांडी चाचपली, बोटं तोंडात घातली. गोड. विहिरीचं पाणी मचूळ होतं, आणि हे गोड.

तो मोठ्याने हसला. मग त्याच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही. पेढे कोरडे होते, हवा बरी होती, बैल आज ना उद्या दमणार होते. तो दगडाला टेकला, करवंटीतलं खोबरं काढलं आणि निवांत खाऊ लागला.

ठोके थांबले.

वर एकच कल्लोळ उठला. "ओढा! ओढा!" दौलतराव अनवाणी धावेवर पळाले. बैल त्यांच्या चालीनेच उतरले, एक पाऊल जास्त टाकेनात. ते टोकाला पोचताच दौलतराव दोन्ही बैलांच्या मागे पाठ लावून उभे राहिले. चार माणसांनी नाडा बाभळीच्या बुंध्याला गुंडाळला. गेनबाने डोळे उघडले आणि विचारलं, "का वं? वाफे तर अजून कोरडेच हायेत."

आठ नट कसे सुटले ते कोणाला कळलं नाही. दौलतरावांनी झाकण ढकललं आणि डोकं आत घातलं.

"मालोजी! आहेस का?"

"हाय," मालोजी तोंडातलं खोबरं गिळत म्हणाला. "बैल उभं हायेत का, ते आधी बघा."

त्याला ओढून काठावर बसवलं. कौशल्याबाईंनी त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. भागूबाई पुढे झाली. तिने त्याच्या ओल्या धोतराकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"नारळ हाय," मालोजी तिला हळूच म्हणाला. तिने श्वास सोडला.

उद्धवराव मात्र पुढे आले. "हे ओलं कसं? गळती?"

"न्हाई साहेब. नारळ." आणि मग, सात वेळा खाली जाऊन आलेल्या माणसाला आठव्यांदा कशाचं भ्यायचं, म्हणून मालोजीने सगळं सांगून टाकलं. विझलेली भट्टी, कोमट रिव्हेट, चाकणचा बाजार, शेंदूर, उडीद. आयुष्यात पहिल्यांदाच तो न थांबता बोलला.

दौलतराव ऐकत राहिले. "नऊच्या नऊ गार?"

"कोमट."

"आणि तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग आत कशाला बसलास?"

"तुमी बसणार हुता म्हणून," मालोजी म्हणाला.

दौलतरावांनी डोक्यावरची टोपी काढायला हात नेला. टोपी कौशल्याबाईंच्या हातात होती. तो हात त्यांनी थोडा वेळ डोक्यावर तसाच ठेवला, मग नाक शिंकरलं, आणि विहिरीकडे तोंड करून विचारलं, "बैल कसा होता?"

"चांगला हुता."

"पुढच्या शनिवारी मलाही ने."

उद्धवरावांनी घसा खाकरला. पाणबुडीचं त्यांना काही कळत नव्हतं आणि तसं त्यांनी सांगितलं. पण गोदीला गोड्या पाण्याच्या बारा टाक्या हव्या होत्या, आणि तासाभरात सात वेळा बुडवून कोरडं राहिलेलं भांडं त्यांनी नोकरीत पाहिलं नव्हतं. "मागणी पाठवतो," ते म्हणाले. "फक्त रिव्हेट गरम ठोका. उडदाला आमच्याकडे रकाना नाही."

राहता राहिला घण. शेंदराला हाणायचं कसं? मालोजीने कौशल्याबाईंकडे बघितलं.

"सात वेळा पाण्यात बुडवलीत ना?" त्या म्हणाल्या. "झालं की विसर्जन. आता ते नुसतं लोखंड. हाणा खुशाल."

दुपारी शेडमध्ये भट्टी चांगली रसरसली. मालोजीने नऊ रिव्हेट छेदून काढले आणि नऊ लालभडक रिव्हेट त्यांच्या जागी ठोकले. एकेक आखडताना पत्रा कण्हायचा, आणि तो आवाज ऐकून मालोजीला रात्रीच्या झोपेचीच चाहूल लागत होती. बाजूला दौलतराव वही घेऊन बसले होते. 'मालक स्वतः' खोडून त्यांनी 'मालोजी' लिहिलं, आणि 'सुखरूप'च्या पुढे 'सात वेळा' घातलं. थोडा विचार करून खाली एक ओळ वाढवली : 'आतील काम सौ. भागूबाई यांनी केले.'

तेवढ्यात भागूबाई परात घेऊन आली. उरलेल्या उडदाचे वडे, गरम, तेल सुटलेले. मालोजीने दोन उचलले. दौलतरावांनी एक उचलला, तोंडापर्यंत नेला आणि थांबले.

"यात चुना नाही ना?"

"खाऊन बघा," भागूबाई म्हणाली. "न्हाई गळायचं पोट दोन वर्सं."